समुद्राच्या उष्णतेचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा कामगार कायद्यावर काहीतरी ऐकायला मिळेल अशी त्यांची समजूत असावी. मी समुद्राच्या तापमानाचा विषय सांगितला. गोदी आणि आगबोटी यांच्याशी माझा संबंध तीस वर्षांचा आहे. शाळेशी होता तो त्याहून पुष्कळ कमी. तेव्हा विज्ञानाचा अधिकार मी सांगत नाही. जे वाचनालयांतून वाचले आणि जाणत्यांना विचारून समजावून घेतले, ते सांगतो. हिशेबाच्या वहीत चूक कुठे शिरते आणि ती कशी शोधावी, एवढे मात्र चळवळीत राहून कळते. आजचा विषय मुळात हिशेबातील चुकीचाच आहे.

पुढच्या मोसमात पाऊस कसा पडेल, वादळे वाढतील की कमी होतील, पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांच्या वाट्याला कसली हवा येईल, हे आज संगणकावर गणित मांडून काढतात. त्या गणिताला हवामानाचे मॉडेल म्हणतात. या मॉडेलांतील एक जुने दुखणे असे की, उष्ण कटिबंधातील समुद्राचा पृष्ठभाग ती ठराविक ठिकाणी ठराविक बाजूला चुकवितात. पेरूच्या किनाऱ्याला पाणी असते त्यापेक्षा उष्ण दाखवितात, प्रशांत महासागराच्या मध्यावर असते त्यापेक्षा थंड दाखवितात. अंशाचा प्रश्न असतो, कुठे एक, कुठे तीनचार. आपण म्हणू, एका अंशाने काय बिघडते? पण विषुववृत्तावरचा प्रशांत महासागर नेहमीपेक्षा अर्ध्या अंशाने तापलेला राहिला की त्याला 'एल निन्यो' म्हणावयाचे, असा अमेरिकेतील हवामानखात्याचा दंडक आहे. आणि एल निन्योच्या वर्षी आपल्याकडचा पाऊस तुटण्याचा संभव वाढतो. अर्ध्या अंशावर कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष लटकलेले असते.

हे दुखणे समजून घ्यावयाचे तर आधी समुद्राचे तापमान माणसाला कळू कसे लागले ते पाहिले पाहिजे. कारण मॉडेल चुकले हे ठरविणार कशावरून? मोजलेल्या आकड्यावरून. आणि तो आकडा तरी कोणी मोजला?

अठराव्या शतकात इंग्लंडहून अमेरिकेला जाणारी टपालाची गलबते साध्या व्यापारी जहाजांपेक्षा उशिरा पोहोचत, अशी तक्रार होती. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा टपालखात्याचा अधिकारी होता. त्याने टिमथी फोल्जर या नॅन्टकेटच्या कप्तानाला कारण विचारले. देवमाशांच्या मागे फिरणाऱ्या त्या लोकांना ठाऊक होते की समुद्रात एक उष्ण प्रवाह वाहतो आणि त्याच्या उलट गेले की जहाज मागे रेटले जाते. फ्रँकलिनने फोल्जरकडून प्रवाह नकाशावर काढून घेतला आणि पुढे १७७५ साली अटलांटिक ओलांडताना स्वतः थर्मामीटर पाण्यात बुडवून त्याची कड तपासली. म्हणजे या शास्त्राची पहिली खबर एका दर्यावर्दीने दिली. विद्वानांच्या ग्रंथात फ्रँकलिनचे नाव मोठ्या अक्षरात असते आणि फोल्जरचे लहान. असो.

पुढचा माणूस मॅथ्यू मॉरी. अमेरिकेच्या आरमारातला हा अधिकारी १८३९ साली घोडागाडीच्या अपघातात पायाने अधू झाला, म्हणून त्याला नकाशे आणि उपकरणे यांच्या कोठारात बसविले. तेथे जुन्या जहाजांच्या रोजनिश्यांचे गठ्ठे पडले होते. कुठे वारा कसा, प्रवाह कसा, पाणी किती उष्ण, हे त्याने त्या गठ्ठ्यांतून वेचून काढले. १८५३ साली ब्रुसेल्सला दहा देशांच्या प्रतिनिधींची परिषद भरली आणि प्रत्येक जहाजाने एकाच नमुन्याची नोंदवही ठेवावी असे ठरले. त्या वहीत समुद्राच्या पाण्याच्या तापमानाचा एक रकाना होता. गेल्या पावणेदोनशे वर्षांचा समुद्र आपल्याला दिसतो तो या रकान्यातून. मॉरी पुढे यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने उभा राहिला, हेही सांगितले पाहिजे. रकाना मात्र चांगला आखला.

आता मोजण्याची रीत पाहा. डेकवरून दोर बांधलेली बादली पाण्यात सोडावयाची, भरली की वर ओढावयाची, तीत थर्मामीटर धरून थोडा वेळ थांबावयाचे आणि आकडा लिहावयाचा. शिडाच्या जहाजांवर बादली लाकडी असे. आगबोटी आल्या, वेग वाढला, डेक उंच झाला. वेगात लाकडी बादली आपटून फुटे. तेव्हा कॅनव्हासची बादली आली. हलकी, घडी घालून ठेवता येणारी, सोयीची. पण कॅनव्हास झिरपतो. आपल्या घरात उन्हाळ्यात माठातले पाणी गार का होते, हे कोणालाही सांगायला नको. त्याच न्यायाने ती बादली डेकवर वाऱ्यात धरली की पाणी गार होऊ लागे, आणि वहीत समुद्र होता त्यापेक्षा थंड म्हणून नोंदला जाई. उष्ण कटिबंधात बाष्पीभवन जोरात, म्हणून तूटही जास्त.

मुंबई बंदरातून सुटणाऱ्या इंग्रजी कंपन्यांच्या आगबोटींवर डेकचे काम पुष्कळदा रत्नागिरीकडच्या खलाशांकडे असे, भट्टीपाशी पंजाबकडचे आगवाले, आणि जेवणखाणाचे काम गोव्याच्या मंडळींकडे. वहीत सही अधिकाऱ्याची असते. बादलीचा दोर कोणाच्या हातात होता, ओढायला किती वेळ लागला, उन्हात धरली की सावलीत, हे कोणी लिहून ठेवले नाही. आणि नेमकी हीच माहिती पुढे शास्त्रज्ञांना हवी झाली! १९९५ साली ब्रिटनच्या हवामानखात्यातील क्रिस फोलँड आणि डेव्हिड पार्कर यांनी या बादल्यांचेच गणित मांडले: बादली केवढी, कशाची, डेकवर वारा किती, ऊन किती, हवेत दमटपणा किती, आणि थर्मामीटर वाचेपर्यंत किती मिनिटे गेली. त्यावरून १९४२ पूर्वीच्या नोंदींत अंशाचे काही दशांश मिळविले पाहिजेत असे त्यांनी दाखविले. मला या कामाबद्दल फार आदर वाटतो. खलाशाने बादली किती मिनिटे धरली असेल याचा विचार करणारे विद्वान थोडेच.

दुसरी रीत इंजिनखोलीतली. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी नळाने आत घेतात, त्या नळावर थर्मामीटर असतो. आगवाल्यांपैकी कोणी आकडा वाचून वर कळवी. पण इंजिनखोली म्हणजे तापलेली जागा. नळात आलेले पाणी थोडे तरी तापते. १९६३ साली सॉर या अमेरिकी संशोधकाने जहाजांवर ताडून पाहिले तेव्हा हा आकडा सरासरीने सुमारे ०.७ अंश सेल्सियस जास्त निघाला. इतर तपासांत तो याहून कमी आहे, पण कल उष्णतेकडेच. म्हणजे डेकवरचा माणूस समुद्र थंड सांगणार आणि खालचा माणूस उष्ण सांगणार, दोघेही प्रामाणिक.

यातून घडलेला एक चमत्कार सांगतो. जगाच्या तापमानाच्या आलेखात १९४५ सालच्या उत्तरार्धात एकाएकी सुमारे ०.३ अंशाची उतरंड दिसे. ज्वालामुखी नाही, एल निन्यो नाही, तरी पृथ्वी थंड कशी झाली? साठ वर्षे हे कोडे तसेच होते. २००८ साली डेव्हिड टॉम्पसन आणि त्यांचे सहकारी यांनी ते सोडविले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून ऑगस्ट १९४५ पर्यंत, उपलब्ध नोंदींपैकी सुमारे ८० टक्के अमेरिकी जहाजांच्या होत्या आणि ती जहाजे इंजिनखोलीत मोजीत. शिवाय युद्धात रात्री डेकवर दिवा घेऊन बादली ओढणे म्हणजे शत्रूच्या पाणबुडीला आमंत्रण. युद्ध संपले, ब्रिटिश जहाजे आपल्या बादल्या घेऊन परत आली, आणि कागदावरचा समुद्र थंड झाला. समुद्रात काही झाले नव्हते. पाळी बदलली होती.

आणखी एक चूक याहून साधी आहे. जपानी जहाजांच्या जुन्या नोंदी पुढे छिद्रांच्या पत्त्यांवर चढविल्या तेव्हा त्यांतल्या एका मोठ्या गठ्ठ्यात दशांश चिन्हापुढचा आकडा गाळला गेला. २६.९ चे २६ झाले. मजुराच्या पगारातील पैसे गाळले तर महिनाअखेर किती बुडतात ते आपण जाणतो. इथे प्रशांत महासागराचा एक भाग तितका थंड ठरला. २०१९ साली ड्युओ चान, पीटर हायबर्स आणि त्यांचे सहकारी यांनी ही गळती पकडली.

आता मोजणीकडून गणिताकडे येऊ. इथे हिंदुस्थानचा संबंध थेट येतो. १८९९ च्या भयंकर दुष्काळानंतर, १९०४ साली केंब्रिजचा एक नामांकित गणिती गिल्बर्ट वॉकर येथील वेधशाळांचा प्रमुख म्हणून आला. हवामानशास्त्राचे त्याचे शिक्षण नव्हते. बूमरँग फेकण्याचा त्याला नाद होता. पावसाचे भविष्य शोधण्यासाठी त्याने जगभरच्या हवेच्या दाबाचे आणि पावसाचे आकडे मागविले आणि भारतीय कारकुनांच्या हातून त्यांचे परस्परसंबंध काढून घेतले. संगणक या शब्दाचा अर्थ तेव्हा गणित करणारा माणूस असा होता. त्या आकडेमोडीतून वॉकरला दिसले की प्रशांत महासागराच्या एका टोकाला हवेचा दाब चढला की दुसऱ्या टोकाला उतरतो. या हेलकाव्याला त्याने १९२४ साली 'सदर्न ऑसिलेशन' हे नाव दिले. का होते ते त्याला सांगता आले नाही, म्हणून पुष्कळांनी त्याची थट्टा केली. कारण समुद्रात होते. १९६९ साली याकोब ब्येर्कनेस या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने अमेरिकेत बसून ते उलगडले: पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे उष्ण पाणी पश्चिमेला ढकलतात, पूर्वेला खालचे थंड पाणी वर येते, या फरकामुळे वारे आणखी जोर धरतात, आणि जोराच्या वाऱ्याने फरक आणखी वाढतो. सावकाराच्या व्याजासारखे हे चक्र आहे. मात्र त्यात एक गोम आहे, ती मॉडेलवाल्यांना नडली.

त्याच १९६९ साली स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी हवा आणि समुद्र यांची गणिते प्रथमच एकत्र जोडली. पृथ्वी अगदी बाळबोध होती, एका फाकेत अर्धी जमीन आणि अर्धे पाणी. पण दोघे एकमेकांशी बोलू लागले. मानाबे यांना २०२१ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले ते अशा कामांबद्दल. जोडणीनंतर अडचण उघडी पडली. हवेचे मॉडेल एकटे असताना त्याला समुद्राचे मोजलेले तापमान आयते पुरविले जाई. समुद्राच्या मॉडेलला वारा आयता मिळे. दोघांना आपापला संसार करायला लावल्याबरोबर वाऱ्यातली लहानशी चूक समुद्रात गेली, समुद्रातली चूक वाऱ्यात परत आली, आणि व्याजावर व्याज चढले. काही वर्षांच्या गणितात समुद्र भलतीकडेच सरकू लागला.

मग एक तोड निघाली. प्रत्येक ठिकाणी समुद्राला किती उष्णता आणि किती गोडे पाणी द्यावे घ्यावे म्हणजे तो जागेवर राहील, हे आधी काढून ठेवावयाचे आणि ती रक्कम गणितात दर वेळी घालावयाची. आपल्याकडे रोजकीर्द जुळेना की मुनीमजी 'किरकोळ' म्हणून रक्कम टाकतो, तसेच हे. क्लाउस हासेलमान यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानेही १९८८ च्या सुमारास या तोडीला शास्त्रशुद्ध रूप दिले, कारण तिच्यावाचून पुढे जाता येत नव्हते. मी तिला लबाडी म्हणणार नाही. ती उघडपणे घातलेली रक्कम होती. पण चूक कुठे आहे हे तिने झाकून गेले. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस तिच्यावाचून टिकणारी मॉडेले तयार झाली आणि २००७ च्या आंतरराष्ट्रीय अहवालापर्यंत बहुतेकांनी ती सोडली. वही उघडी झाली तशा चुका उघड्या झाल्या.

१९९५ साली रॉबर्टो मेचोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा मॉडेले शेजारी शेजारी ठेवून पाहिली. बहुतेकांत तीच दुखणी. विषुववृत्तावरची थंड पाण्याची जीभ जास्त थंड आणि पश्चिमेला जास्त लांब गेलेली. पेरू-चिलीच्या किनाऱ्याला पाणी जास्त उष्ण. आणि खऱ्या प्रशांतात विषुववृत्ताच्या उत्तरेला पावसाचा एकच पट्टा ठळक असतो, तिथे मॉडेलांत दक्षिणेलाही दुसरा पट्टा. एकाची चूक असती तर निष्काळजीपणा म्हटला असता. अकरा जण एकाच बाजूला चुकतात तेव्हा चूक पद्धतीत असते.

कारणे पुढे हळूहळू निघत गेली. पेरू-चिली आणि तिकडे आफ्रिकेत अंगोला-नामिबिया यांच्या किनाऱ्यांवर समुद्राला लागून ढगांची पातळ चादर असते, जाडी काहीशे मीटर. ती सूर्याला अडविते. मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडते, एकेक चौकोन शंभर किलोमीटरांचा; त्यात ही चादर नीट बसत नाही. ढग कमी पडले, ऊन जास्त पोहोचले, पाणी तापले. तापलेल्या पाण्यावर ती चादर आणखी विरते. पुन्हा व्याज. किनाऱ्याजवळ खालून वर येणाऱ्या थंड पाण्याची पट्टीसुद्धा काही दहा किलोमीटर रुंद, ती चौकोनात हरवते. २००८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चिलीसमोर जहाजे आणि विमाने नेऊन या ढगांची मोठी पाहणी झाली.

अटलांटिकची गोष्ट अधिक बोधक वाटली. तेथे अनेक मॉडेलांत विषुववृत्तावर पूर्वेचे पाणी पश्चिमेपेक्षा उष्ण निघे; वस्तुस्थिती नेमकी उलटी. समुद्राच्या गणितात लोक दोष शोधीत होते. २००८ साली इंगो रिख्टर आणि शांग-पिंग शिए यांनी दाखविले की दोषाचे मोठे मूळ जमिनीवर आहे: मॉडेल ॲमेझॉनच्या खोऱ्यात पाऊस कमी पाडते आणि आफ्रिकेत जास्त, त्यामुळे वसंतात पूर्वेचे वारे दुबळे पडतात, आणि दुबळ्या वाऱ्याने थंड पाणी वर येत नाही. समुद्राला शिक्षा झाली ती शेजाऱ्याच्या गुन्ह्याची.

आपल्या अरबी समुद्राचेही तसेच. कित्येक मॉडेलांत हिवाळ्यात त्याचा उत्तर भाग असतो त्यापेक्षा थंड होतो, कारण पाकिस्तान आणि वायव्य भारत यांच्या जमिनीवरून मॉडेल फाजील थंड हवा वाहवून आणते. थंड समुद्र कमी बाष्प देतो. रिचर्ड लेव्हिन आणि अँड्रयू टर्नर यांनी २०१२ साली दाखविले की या थंडपणाने मॉडेलातील मोसमी पावसाचे, विशेषतः सुरुवातीच्या भागातले, बाष्प घटते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, जी १९६२ साली स्थापन झाली, 'मॉन्सून मिशन'खाली २०१२ पासून एक अमेरिकी मॉडेल आपल्या पावसासाठी वळवून घेतले. त्यातही हिंदी महासागर थंड आणि भारताची भूमी कोरडी असा दोष होता. चौकोन सुमारे ३८ किलोमीटरांवर आणणे, ढगांची आणि समुद्राच्या वरच्या थराच्या मिसळण्याची रीत सुधारणे, हे काम तेथे चालत आले आहे. याच घराण्यातून निघालेले पुण्याचे मॉडेल जागतिक तुलनेत भाग घेणारे पहिले भारतीय मॉडेल ठरले.

आता मोजणाऱ्यांकडे पुन्हा एकदा. १९८२ च्या मार्च-एप्रिलात मेक्सिकोत एल चिचोन ज्वालामुखी फुटला. त्याच्या धुरळ्यातून पाहणाऱ्या उपग्रहांना समुद्र थंड दिसू लागला. प्रशांतातल्या जहाजांकडून उष्ण पाण्याच्या नोंदी येत होत्या, पण त्या अपेक्षेबाहेर म्हणून संगणकाने बाजूला टाकल्या. शतकातला एक सर्वांत मोठा एल निन्यो वाढत होता आणि तज्ज्ञांना महिनोन्‌महिने पत्ता नव्हता. ऑस्ट्रेलियात अवर्षण, पेरूत महापूर, आणि आपल्याकडेही त्या वर्षी पाऊस तुटला. जागेवर असलेल्या माणसाचे म्हणणे वरच्या कचेरीत 'नियमात बसत नाही' म्हणून फेकले जाते, याची उदाहरणे मला गोदीतली पुष्कळ ठाऊक आहेत. या फजितीतून १९८५ साली दहा वर्षांची आंतरराष्ट्रीय मोहीम निघाली आणि १९९४ च्या अखेरीपर्यंत विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे सत्तर बोये नांगरून उभे झाले. पुढे अटलांटिकात आणि हिंदी महासागरातही तसेच बोये आले. या बोयांनी मॉडेलांना वाऱ्याचा आणि पाण्याखालच्या थरांचा पुरावा दिला.

पण बोया म्हणजे लोखंड आणि दोर. त्याला शेवाळ धरते, त्याच्या सावलीला मासे जमतात आणि माशांमागे होड्या येतात, त्यात दोर तुटतात. वर्षातून एकदा तरी जहाज जाऊन डागडुजी करावी लागते. हे काम करणारे 'काइमिमोआना' हे अमेरिकी जहाज २०१२ साली काटकसरीसाठी सेवेतून काढले. २०१४ च्या सुरुवातीपर्यंत बोयांकडून येणारी माहिती सुमारे ४० टक्क्यांवर घसरली. देखभालीची माणसे कमी करून यंत्र तसेच चालेल असे मानणारे व्यवस्थापक सर्व देशांत सारखेच! पुढे ओरड झाली, दुरुस्ती झाली, आणि प्रशांतातील मोजणीची सर्व रचना नव्याने आखण्याचे काम सुरू झाले.

सध्याचा वाद याच ठिकाणचा आहे. गेली चार दशके बहुतेक मॉडेले सांगत आली की पृथ्वी तापते तसा पूर्व प्रशांत पश्चिमेपेक्षा अधिक तापेल. मोजणी सांगते की त्या काळात पूर्वेची थंड जीभ तापली नाही, कुठे किंचित थंडच झाली. रिचर्ड सीगर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली म्हटले की हा मॉडेलांच्या त्याच जुन्या दुखण्याचा परिणाम आहे: जीभ मुळात चुकीची बसविली, म्हणून उष्णतेला ती चुकीचे उत्तर देते. दुसरा पक्ष म्हणतो, ही निसर्गाची तात्पुरती चढउतार आहे आणि पूर्व भाग पुढे तापेलच. तिसरा अंटार्क्टिकाजवळच्या थंड समुद्राकडे बोट दाखवितो. पहिला पक्ष खरा असेल तर पूर्व आफ्रिकेपासून कॅलिफोर्नियापर्यंत कोणाला दुष्काळ आणि कोणाला पाऊस, याची आजची भाकिते पुन्हा मांडावी लागतील. आपल्या मोसमी पावसाचीही त्यातून सुटका नाही. निकाल लागण्यासाठी ढगांचे गणित सुधारावे लागेल, चौकोन लहान करावे लागतील, आणि बोये वर्षानुवर्षे उभे ठेवावे लागतील. जुन्या रोजनिश्यांचे गठ्ठेही अजून पुष्कळ दप्तरखान्यांतून न वाचलेले पडून आहेत.